मामांच्या पोटाचं भाकीत

...नाही, पण मला एक सांगा, माणसाच्या पोटात पुढे काय होणार हे जर मशीनला आधी कळत असेल, तर ते मशीनने स्वतःपाशी ठेवायला काय हरकत आहे? आपण नाही ठेवत? आपल्याला काय कमी गोष्टी आधी कळतात? शेजाऱ्यांचं पोरगं नापास होणार हे आपल्याला सहामाहीतच कळलेलं असतं, पण सांगतो का आपण? नाही सांगत. निकाल लागेपर्यंत गप्प बसतो, लागला की ‘अरेरे’ म्हणतो आणि घरी येऊन जेवतो. ह्याला माणुसकी म्हणतात. पण मशीनला कुठली माणुसकी... ते आपलं सांगून मोकळं! आणि तुम्हाला सांगतो, एकदा मशीन सांगतंय म्हटल्यावर बोलणार कोण?

मामा म्हणजे माझे सासरे. धंद्याने टेलर. रस्त्यावरून एक जिना सरळ वर जातो, जिना कसला, शिडीच ती, नुसती भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी... वर पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. मामा कापणार आणि शिवणार, मामी काजं-बटणं, तुरपाई आणि इस्त्री करणार. माणूस तसा शांत, पण कापडाच्या बाबतीत महाकडक. पॉलिएस्टर म्हटलं की तोंडात कडू गोळी आल्यासारखा चेहरा. गिऱ्हाईक पॉलिएस्टरचा पीस घेऊन आलं तर मामा तो दोन बोटांत धरून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, “हे शर्टाचं नाही, छत्रीचं आहे. छत्रीवाल्याकडे न्या.” गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

तर अशा माणसाला लघवीला त्रास व्हायला लागला म्हणून सोनोग्राफीला नेलं. ती करणारी मुलगी आधी छान बडबड करत होती, उन्हाळा फार आहे म्हणाली, पोटावर ते गार गार लावलं, वरून यंत्र फिरवायला लागली... आणि एकदम गप्प. आता तुम्हाला सांगतो, दवाखान्यातलं माणूस बोलत असतं तोवर घाबरायचं कारण नाही. गप्प झालं की समजावं. लघवीचं राहिलं बाजूला, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. महाधमनी म्हणतात तिला. हृदयातून निघते आणि पाठीच्या कण्याला धरून पोटातून खाली उतरते, सगळ्या शरीराची मोठी नळी म्हणा ना.

ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर फार गोड माणूस. गोड म्हणजे किती, वाईटातली वाईट गोष्ट सांगून झाली की पुढे ‘बरं का’ लावणार. “काळजी करायची नाही, बरं का. सायकलची ट्यूब एका जागी फुगते ना, तसं झालंय. पण फुटली तर मात्र दवाखान्यापर्यंत पोचायलासुद्धा वेळ मिळत नाही, बरं का.” मामी शेजारी बसली होती, तिने नुसती मामांची बाही घट्ट धरली. मग डॉक्टरांनी समजावलं की पोट फाडायचं नाही, जांघेतून आत शिरायचं आणि फुग्याच्या आतून एक नळी बसवायची, तारेची जाळी आणि तिच्यावर कापड. म्हणजे रक्त नळीतून जाणार, फुग्यावरचा ताण गेला की तो बसत जाणार. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “कापड कोणतं?”

डॉक्टर म्हणाले, “पॉलिएस्टर, बरं का.”

मामा माझ्याकडे बघायला लागले, जशी काही ती खरेदी मी केली होती.

असो. ऑपरेशन उत्तम झालं. खोटं कशाला बोला? चार दिवसांत मामा घरी आले, जांघेत दोन छोट्या जखमा, बाकी काही नाही. इथेच गोष्ट संपायला हवी होती की नाही? हवी होती. माणूस बरा झाला, घरी आला, पॉलिएस्टर का होईना आत बसलं. पण नाही... त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या एमआरआयच्या चित्रांवरून पुढचं सांगण्याचा अभ्यास करत होत्या. नळी बसवल्यावर कुणाचा फुगा बसतो, कुणाचा तसाच राहतो आणि कुणाचा नळीबाहेरून रक्त झिरपून पुन्हा वाढायला लागतो, हे आधीच ओळखायचं. चांगलंच काम हो, वाईट कोण म्हणतंय? ज्याचा वाढणार त्याच्यावर जास्त लक्ष ठेवता येईल, वेळेवर पुन्हा दुरुस्ती करता येईल. बाईही चांगल्या, समजावून सांगणाऱ्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्या अभ्यासात येता का? मामा म्हणाले, येतो. कुणी नीट विचारलं की मामांना नाही म्हणता येत नसे, पॉलिएस्टरवाले सोडून.

आता तो एमआरआय, म्हणजे मोठं चुंबकच, पोटातल्या जाळीला ते चालतं म्हणे. तिथला माणूस विचारतो, “अंगावर धातूचं काही?” मामा म्हणाले, “काही नाही.” आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाने नुसती कॉलर उलटली तर त्यात सुया निघाल्या... खिशातून टाचण्या, बाहीत आणखी दोन सुया, चोरखिशातून शिवताना बोटात घालायचं टोपण. तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे असेच आत गेले असते तर?” म्हटलं, चुंबकाने शिवूनच काढलं असतं हो त्यांना. मग दवाखान्याचा तो झगा घातला, मागून उघडा, नाड्यांचा. मामा आपल्या संकटाचं सगळं विसरून मागची शिवण चाचपत उभे! “कापणाऱ्याने पाठ मोजलीच नाही,” म्हणाले. आणि मग आत, त्या बोगद्यात. बाहेर काचेमागे आम्हाला ऐकू येतंय, ठक्-ठक्-ठक्, टर्रर्र, घूंऽऽ... आणि मध्येच भोंग्यातून आवाज, “श्वास घ्या... सोडा... रोखा.” काचेमागे मामीपण श्वास रोखून बसायची. मी म्हटलं, “मामी, तुम्हाला नाही सांगितलं.” तर म्हणाली, “असू दे. तेवढीच सोबत.”

पुढे निकाल. बाईंनी आधीच सांगितलं होतं की अभ्यास अजून चालू आहे, हे पक्कं नव्हे, तुम्हाला नको असेल तर आम्ही सांगत नाही, तपासण्या नेहमीसारख्या चालूच राहतील. मामा म्हणाले, “नका सांगू.” झालं होतं की नाही सगळं मनासारखं? पण मामी म्हणाली, “अहो, त्यांना कळतंय आणि आपल्याला नको कळायला? पोट तुमचं, संसार आपला.” मामा म्हणाले, बरं, सांगा. मग बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं, फुग्यात झिरपलेलं रक्त कसं गरगर फिरतंय ते, लाल-निळं, दिसायला सुरेख हो... आणि म्हणाल्या, मामांचं चित्र ज्यांच्या चित्रांसारखं दिसतंय, अशा दहा जणांतल्या सहा-सात जणांचा फुगा पुढे वाढलेला आहे. म्हणजे मामा जास्त धोक्याच्या गटात.

आयुष्यात माणूस कधी कुठल्या गटात गेला नाही. व्यापाऱ्यांच्या दोन गटांत मारामाऱ्या झाल्या तेव्हा मामा दोघांचेही शर्ट शिवत होते. आणि आता म्हातारपणी एकदम गटात! बाई म्हणाल्या, “ही शक्यता आहे, हे ठरलेलं नाही.” पण शक्यता हा शब्द डॉक्टरच्या तोंडून निघताना केवढा असतो आणि पेशंटच्या घरी पोचेपर्यंत केवढा होतो? जिना चढेपर्यंत त्याचं नक्की झालं होतं. मशीन सांगतंय म्हटल्यावर बोलणार कोण?

आणि मग सुरू झाला पहारा. मामांनी वाकायचं नाही. मामांनी उचलायचं नाही. बादली नाही, खुर्ची नाही, कापडाचा तागा तर नाहीच नाही. शिंक आली तरी मामी स्वयंपाकघरातून येऊन पोटाकडे बघणार. आमची ही रोज फोन करून पहिला प्रश्न, “बाबांचं पोट कसं आहे?” बाबा कसे आहेत नाही, पोट कसं आहे! मामांची थोरली बहीण आली, नमस्काराला मामा वाकायला लागले तर किंचाळली. गिऱ्हाइकंसुद्धा, आधी पोटाची चौकशी, मग मापाची. खालचा चपलांचा दुकानदार जिन्याच्या तोंडाशी बसून असायचा, मामा पिशवी घेऊन दिसले की लगेच, “मामा, पोट. पोटाला जपा.” एवढं कौतुक माझ्या बायकोच्या पोटाचं बाळंतपणात झालं नव्हतं. मामा मुकाट्याने खुर्चीत बसून राहायचे. पायाचं शिवणयंत्र बंद, का तर पोटावर ताण येतो. हातशिलाई तेवढी करायची. एकदा मला हळूच म्हणाले, “जावईबापू, मला कुणी मेलेला म्हणत नाही, पण जिवंतही धरत नाही.” मी हसण्यावारी नेलं. दुसरं काय करणार?

आता मला सांगा, एका माणसाने उचलायचं बंद केलं म्हणून वजनं काय हलकी होतात? तागे यायचे ते येतच होते. पाणी भरायचं ते भरावंच लागत होतं. ती इस्त्री, जुनी, लोखंडी, कुत्र्याला फेकून मारली तर कुत्रा जागेवर... ती कुणीतरी उचलतच होतं ना? मामी उचलत होती. खालून तागा खांद्यावर घेऊन त्या शिडीवरून वर, वरून तयार कपड्यांचं गाठोडं खाली, पुन्हा वर. आम्ही म्हटलं, हमाल सांगा. तर म्हणाली, एवढ्याशा कामाला हमाल येतो का, आणि आला तर हाताला स्वच्छ असतो का. आणि आम्हीही ऐकलं, कारण आमचं सगळ्यांचं लक्ष कुठे? मामांच्या पोटाकडे.

मामांचं मात्र लक्ष होतं. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरं काम काय? त्यांच्या कानावर तिची पावलं यायची. आधी ती एका दमात वर यायची. मग मध्ये एकदा थांबायला लागली. मग वर आल्यावर दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायला लागली, आणि विचारलं तर, “गुडघे हो.” एके दुपारी मामांनी शिवण बाजूला ठेवली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द.

ते म्हणाले, “गुडघे दुखले की माणूस गुडघ्याला हात लावतं. तू छातीला लावतेस.”

मामी म्हणाली, “दम लागतो जरासा. वय झालं.”

“डॉक्टरला दाखव.”

“दाखवीन की. आधी तुमची पुढची तपासणी होऊ दे. घरात एका वेळी एकच आजारी असावं.”

मामा उठले आणि कोपऱ्यातला तागा उचलायला वाकले. तर ती मध्ये येऊन उभी राहिली. भांडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?” मामा परत खुर्चीत बसले. आणि वर ते मशीन सांगतंय... मशीन सांगतंय म्हटल्यावर बोलणार कोण?

तर असा एक दिवस, साधा, कामाचा. संध्याकाळ व्हायची होती. मामी खालून अस्तराच्या कापडाचा तागा घेऊन वर येत होती. मामा आत सुईत दोरा ओवत होते. पावलं वर येताना ऐकू आली, मग मध्ये थांबली. मामांना वाटलं, दम घेतेय. त्यांनी दोरा ओवला. गाठ मारली. पावलं सुरू होईनात. मामा दारात आले आणि बघतात तर मामी पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून, तागा मांडीवर उभा, लहान मूल धरावं तसा धरलेला. डोळे उघडे होते. हाक मारली तर बघत नव्हती.

आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसाला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हते, त्या माणसाने तो तागा एका हाताने भिरकावून दिला, मामीला दोन्ही हातांवर उचलली आणि तो उभा जिना उतरला. मामी काही काडीसारखी नव्हती हो, अंगाने चांगली भरलेली. अर्ध्या जिन्यात चपलांचा दुकानदार धावत वर आला, त्याने काय म्हणावं? म्हणाला, “मामा, पोट... तुमचं पोट.” त्या बिचाऱ्याचाही दोष नाही, जिभेला वळणच तसं पडलं होतं. मामा त्याच्या अंगावरून खाली गेले. रस्त्यावर गाडी मिळेपर्यंत तिला हातांवर घेऊन उभे होते. लोक म्हणाले, खाली ठेवा, ओट्यावर ठेवा. ठेवली नाही.

दवाखाना तोच. आम्ही पोचलो तेव्हा मामा बाकावर बसलेले, शर्टाला खडूचे डाग, आणि आत पडदा ओढलेला. तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं, हृदय, आणायच्या आधीच गेल्या होत्या. बऱ्याच दिवसांपासून त्रास असणार, म्हणाला, कधी तपासलं होतं का? ज्या इमारतीत मामांच्या पोटाची एवढी चित्रं काढली, त्याच इमारतीत प्रत्येक वेळी ती बाहेरच्या खुर्चीवर बसलेली होती. तिला विचारणार कोण, आणि का? ती पेशंट थोडीच होती... ती तर सोबत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. आमची ही तिकडेच राहायला गेली. आणि गंमत बघा, गंमत कसली, पण आता मामांना कुणी पोटाबद्दल विचारेना. ते आपणच बादल्या भरायला लागले. तागे स्वतः वर आणायला लागले, एक आणून झाला की दुसरा, गरज नसताना. मला तर वाटायचं, हा माणूस त्या फुग्याला फुटायला लावतोय. ही रडायची. मी म्हटलं, “मामा, असं करू नका.” मामा म्हणाले, “मशीनने सांगितलंय ना? मग होऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय?”

आणि तपासणीचा दिवस आला. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, हिने शर्ट हातात दिला तर घातला. कॉलरला एकही सुई नव्हती. झगा घालून आत गेले. श्वास रोखा म्हटलं की रोखत होते, सोडा म्हटलं की सोडत होते. काचेमागे मी आणि ही. आम्ही दोघंही घड्याळाकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही.

डॉक्टरीणबाई चित्र घेऊन आल्या. त्यांना मामीचं कळलं होतं, आधी त्या त्याबद्दल बोलल्या, मनापासून बोलल्या. मग पडदा लावला. म्हणाल्या, फुगा वाढलेला नाही. उलट बराच बसलाय, चांगलाच. आत झिरपणंही थांबलंय. मामांच्या बाबतीत आमचा अंदाज चुकला, आणि अभ्यासाच्या दृष्टीने हे चुकणंही महत्त्वाचं आहे, म्हणजे पुढच्यांना आम्ही जास्त नेमकं सांगू शकू. त्या प्रामाणिकपणे सांगत होत्या, त्यांना खरंच बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय ह्याची लाजही वाटत होती. चांगल्या बाई हो, मी पहिल्यापासून म्हणतोय.

मामांनी विचारलं, “मी वजनं उचलली. तिला उचललं. नंतर तागे उचलले. तरी?”

बाई म्हणाल्या, “उचलण्याचा तसा काही संबंध नव्हता. ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपुरतंच होतं, जखमा भरेपर्यंत.”

हिने माझा हात धरला. पहिले काही आठवडे... अहो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंच असणार, बरं का लावून सांगितलं असणार! पण नंतर ते मशीन बोललं आणि त्याच्यापुढे आधीचं कुणाचं काय लक्षात राहतंय? आम्ही सगळ्यांनी मिळून तो नियम लांबवला, वाढवला, घरभर पसरला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मामांनी झग्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

मग बाईंनाच ते सहन होईना. त्या पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “काका, तुमची तब्येत चांगली आहे. ह्या दुखण्यापासून आता काही भीती नाही. अजून दहा वर्षं, कदाचित त्याहून जास्त, तुम्ही निर्धास्त राहा.”

“दहा वर्षं,” मामा म्हणाले. त्यांनी त्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. “म्हणजे आता स्वयंपाक शिकणं आलं.”